सीपॅप मशीन, दीड वर्ष रोज वापरून

आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ. झोपेत श्वास अडकतो असं तपासणीत निघालं असेल तर मास्कमधून दाबानं हवा देणारं हे मशीन घ्या. तपासणीच झाली नसेल तर दुकानात पाऊलही ठेवू नका. आणि ‘झोप लागत नाही’ एवढीच तक्रार असेल तर हे तुमच्यासाठी नाही. हे मशीन झोप आणत नाही, आलेली झोप मोडू देत नाही. हे कळायला माझे सगळे मिळून साठ हजारांच्या आसपास गेले, तुम्हाला फुकट सांगतोय.

घेताना मी नेटवर या मशीनचे जेवढे अभिप्राय सापडले तेवढे वाचले होते. बहुतेक सगळे ‘बायको वैतागली म्हणून घेतलं’ या जातीचे. मला बायको नाही. वैतागायला आई आहे, आणि वरचे आहेत. मला २००९ पासून स्किझोफ्रेनिया आहे. आमचं घर बैठं, वर नुसता पत्रा, पण मला आवाज येतात ते वरूनच. म्हणून घरात त्यांचं नाव ‘वरचे’ पडलंय. ‘आज वरचे काय म्हणतायत?’ असं आई चहा गाळता गाळता विचारते, शेजाऱ्यांची चौकशी करावी तसं. तर या मशीनबद्दल आमच्यासारख्यांपैकी कोणी लिहिलेलं मला मराठीत काही सापडलं नाही, म्हणून हे.

वय ३७, मुक्काम सांगली. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात अर्धा दिवस हिशोब लिहितो. २०१६ साली मला या आजारावरची क्लोझापिन नावाची गोळी सुरू झाली. ती घेणाऱ्यांना पुढचं पाठ असेल: पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त द्यायचं, पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या, आणि रात्री उशी लाळेनं भिजते म्हणून टॉवेल टाकून झोपायचं. वरचे निम्म्यावर आले, त्यामुळं गोळीबद्दल तक्रार नाही. पण आधीच्या ऑलान्झापिन या गोळीनं ६२ किलोचा मी ८८ चा झालो होतो, नंतर ९७. शर्टाची कॉलर १५ वरून १७ इंचांवर गेली. शिंपी टेप लावून म्हणाला, ‘चांगलं मानवलंय तुम्हाला.’ मानेवरच आलं होतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

रात्री दोनशिवाय डोळा लागायचा नाही. सकाळी नऊला आई हलवून हलवून उठवायची, डोकं ठणकत असायचं, तोंड कोरडं. अकराला यार्डात पट्टी लिहिताना मान पडायची. एकदा एका शेतकऱ्याच्या १४ पोत्यांची मी ४१ केली. मालक भला माणूस, ओरडला नाही. शेतकऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, ‘गोळ्यांमुळं होतं बिचाऱ्याचं.’ ओरडला असता तर बरं झालं असतं.

गोळ्यांमुळं होतं, हे उत्तर सगळ्यांकडं तयार होतं. काकांकडं दुसरं होतं: दिवसभर काम नाही म्हणून रात्री झोप नाही. मीही त्यातलंच एखादं धरून चाललो होतो. हा आजार एकदा चिकटला की अंगात होईल ते सगळं त्याच खात्यावर नावे पडतं. गुडघा दुखला तरी लोक आधी डोक्याकडं बघतात.

उलगडा झाला तो योगायोगानं. २०२३ च्या नोव्हेंबरात महिन्याच्या भेटीला मिरजेला गेलो होतो. मानसोपचारतज्ज्ञांनी माझी झोप विचारली, मी नेहमीचं ‘बरी आहे’ सांगितलं. मग त्यांनी आईकडं बघून विचारलं, ‘आणि तुमची?’ आई म्हणाली, ‘माझी कुठली हो. याचं घोरणं थांबलं की मी जपमाळ ओढत बसते. परत सुरू झालं की थांबते. परवा बावीस मणी झाले.’

डॉक्टरांचा पेन थांबला. ‘एका मण्याला किती वेळ लागतो?’

आईनं पिशवीतून माळ काढली आणि तिथंच ओढून दाखवली. एका मण्याला एक ‘श्रीराम जय राम जय जय राम’. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते. बावीस मणी म्हणजे पंचेचाळीस सेकंदांच्या जवळपास. ही सात वर्षं माझ्या श्वासाची वाट बघत माळ ओढत होती, आणि मला वाटायचं म्हातारपणी देवाचं वेड वाढलंय.

तपासणीचे दोन प्रकार असतात. एकात रात्रभर दवाखान्यात झोपायचं, डोक्याला आणि चेहऱ्याला तारा चिकटवतात आणि खोलीत कॅमेरा असतो. माहिती त्यात जास्त मिळते, कारण मेंदूची झोप मोजली जाते. पण डोक्याला तारा आणि भिंतीवर कॅमेरा हे ऐकल्या ऐकल्या वरच्यांनी जो दंगा केला तो डॉक्टरांना माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. त्यांनी दुसरा प्रकार सुचवला, घरी करायचा: छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. त्या चाचणीला तुम्ही झोपलाय की जागे आहात हे कळत नाही, फक्त श्वास आणि ऑक्सिजन कळतो. मला तेवढं पुरेसं होतं. खर्च साडेसहा हजार.

निकाल: तासाला ३४ वेळा श्वास अडकणं. ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेलं की गंभीर धरतात. रक्तातला ऑक्सिजन खाली खाली ७८ टक्क्यांपर्यंत. सगळ्यात लांब थांबा ४८ सेकंद. म्हणजे आईची माळ जवळजवळ बरोबर होती. मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं: झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मानेभोवती चरबी असली की वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू ढोसून अर्धवट जागं करतो, आणि सकाळी आपल्याला यातलं काही आठवत नाही. मी रात्री झोपेची एक वेगळी गोळी घ्यायचो, तिनं घसा आणखी सैल पडू शकतो म्हणून दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून ती हळूहळू बंद केली. क्लोझापिनला हात लावला नाही. त्यांनी लावला नाही, आणि मीही लावला नाही.

आता दुकान. नाव लिहीत नाही. मी आणि ताई गेलो. विक्रेत्यानं कागद वाचला, त्यावरचं निदान वाचलं, आणि त्या क्षणापासून माझ्याकडं बघणं बंद केलं. सगळं ताईला. ‘मॅडम, हे बटण असं दाबायचं. पेशंटला समजतं का सगळं?’ ताई म्हणाली, ‘त्यालाच विचारा. पैसे तोच देणार आहे.’ मग त्यानं मला विचारलं, पण मोठ्यानं, बहिऱ्याला विचारतात तसं. शिवाय निघताना नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क गळ्यात मारला, मोजमाप न घेता. या दुकानाला मी शून्य देतो. मात्र एक गोष्ट त्यांच्याकडून शहाणपणाची झाली: पहिला महिना भाड्यानं. साडेचार हजार भाडं, दहा हजार अनामत. कोणीही घेताना आधी भाड्यानंच घ्यावं.

मशीन म्हणजे टिफिनच्या डब्याएवढा खोका. मागून हवा ओढतो, दाब देऊन नळीतून मास्कमध्ये सोडतो, आणि त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. ऑक्सिजन वगैरे काही नाही, साधी हवा. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ साली हे पहिल्यांदा छापून आणलं, आणि सुरुवातीच्या खटपटीत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. आईला हे सांगितल्यापासून ती मशीनला ‘झाडूवाला’ म्हणते.

साधी हवा, हे मी आज सहज लिहितोय. पहिल्या रात्री तसं नव्हतं. २००९ मध्ये कोल्हापूरच्या होस्टेलवर माझी सगळी सुरुवातच हवेपासून झाली होती. शेजारच्या खोलीतली पोरं झरोक्यातून कसला तरी वायू सोडतायत, अशी माझी खात्री होती. झरोक्यात मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचो, दाराखाली ओला टॉवेल लावायचो. तेव्हा एवढं सगळं केलं, आणि आता भाडं भरून मी स्वतःच स्वतःच्या तोंडाला नळी लावून घेतली होती. खरं नाही हे मला कळत होतं. पण रात्री दोन वाजता कळण्याचा उपयोग फार नसतो. वीस मिनिटांत मास्क काढून फेकला. चार रात्री हेच.

पाचव्या दिवशी दुकानाचा तंत्रज्ञ घरी आला, मोटरसायकलवरून, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. मशीनमधले आकडे बघून म्हणाला, ‘दादा, वीस मिनिटांत काढताय. काय होतंय?’ मी काय ते ठरवलं आणि सांगून टाकलं, ‘नळीतून कोणीतरी काहीतरी सोडतंय असं वाटतं.’ तो हसला नाही. ताईकडंही बघितलं नाही, आणि ही गोष्ट मी विसरणार नाही. त्यानं मशीन उलटं फिरवलं, मागचं काडेपेटीएवढं झाकण नखानं उघडलं, आतून पांढरा फिल्टर काढून माझ्या हातावर ठेवला. ‘हवा आत जायला एवढीच वाट. दुसरं भोक नाही, बघून घ्या.’ मी सगळीकडून बघून घेतलं. मग तो आईला म्हणाला, ‘काकी, उदबत्ती आहे का?’

आईनं देवघरातली पेटती उदबत्ती आणली. त्यानं ती मशीनच्या मागं वीतभर लांब धरली. धूर सरळ वर जात होता तो वाकला आणि आत गेला. मला म्हणाला, लावा मास्क. लावला. मोगरा. आमच्याच देवघरातला, दहा रुपयांच्या पुड्यातला मोगरा. ‘तुमच्याच घरातली हवा आहे दादा,’ तो म्हणाला, आणि घाईनं उदबत्ती परत देत, ‘हे दुकानात सांगू नका, धूर द्यायचा नसतो मशीनला.’ त्यानंतर रोज झोपण्याआधी मी झाकण उघडून बघायचो. दोनेक महिन्यांनी बघणं सुटलं.

आवाजाचं सांगायला हवं. जाहिरातीत आवाज नाही म्हणतात, ते साधारण खरं आहे. पंखा एकवर असतो त्याहून कमी. पण संथ फुसफुस असते आणि ती श्वासाबरोबर वरखाली होते. वरच्यांना असला आवाज फार आवडतो. पहिले दोन आठवडे ते त्या फुसफुशीत बसून माझं नाव घ्यायचे. माझ्यापुरता उपाय असा निघाला: पंखा दोनवर आणि डाव्या कानात कापूस. दोन आवाज एकमेकांत मिसळले की त्यांचे शब्द जुळत नाहीत. तुमचे वरचे वेगळे असतील, उपायही वेगळा निघेल.

मास्कबद्दल मात्र क्लोझापिनवाल्यांनी नीट वाचा, कारण हे दुकानदाराला माहीत नव्हतं. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावला की रात्रीची लाळ त्यात साठते. पहाटे हनुवटीखालून ओघळ, कडेनं हवा सुटून फर्र असा आवाज, सगळी झोप त्यातच. मी भांडून तो बदलून घेतला आणि नुसत्या नाकाचा घेतला, वरून हनुवटीला पट्टी. आईची एक शंका होती, वीज गेली तर पोरगं गुदमरेल. मास्कला उच्छ्वास जायला बारीक भोकं असतात, शिवाय नाकाचाच असेल तर तोंड मोकळं असतं. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे; हवा दमट करणारी पाण्याची टाकी तापवायला बरीच वीज लागते, म्हणून इन्व्हर्टरवर असताना ती बंद ठेवतो. त्या टाकीत मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्ड पाणीच घालायचं, आणि टाकीत पाणी असताना मशीन हलवायचं नाही. मी एकदा हलवलं. दुरुस्ती अडीच हजार, त्यात नऊ दिवस मशीन दुकानात.

त्या नऊ दिवसांत मशीन काय करतं ते मला खरं कळलं. तिसऱ्या दिवशी डोकं पुन्हा ठणकायला लागलं, यार्डात मान पडायला लागली, आणि वरचे सकाळी आठलाच कामावर हजर. एरवी झोप झालेल्या दिवशी ते दुपारी उशिरा उगवतात आणि आवाजही खालच्या पट्टीत असतो. गेले आहेत असं नाही. मशीन घेतल्यावर आवाज जातील असं कोणी सांगत असेल तर तो मशीन विकतोय. आता तासाला ३४ चे ३ झालेत, मशीन रोज सकाळी आकडा दाखवतं. वजन दोन किलो उतरलं, तेवढंच. पट्टीत पोत्यांची उलटापालट मात्र पुन्हा झालेली नाही.

जे झालं नाही ते म्हणजे घड्याळ. दोन वाजेपर्यंत जागं राहणं तसंच राहिलं, त्यावर मशीनचा इलाज नाही. काकांच्या ‘काम नाही म्हणून झोप नाही’ला मात्र मला उत्तर सापडलं. इंग्लंडमध्ये कॅथरिना वुल्फ, रसेल फॉस्टर वगैरे मंडळींचा एक अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. त्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या २० जणांच्या मनगटावर घड्याळासारखं यंत्र सहा आठवडे बांधलं, आणि तुलनेसाठी २१ निरोगी पण बेकार माणसं घेतली. मुद्दाम बेकार. आजारी असलेल्या सगळ्यांची झोप बिघडलेली निघाली आणि निम्म्यांचं तर शरीराचं घड्याळच दिवस-रात्रीशी जुळत नव्हतं. बेकारांची झोप तशी बिघडलेली नव्हती. काकांना सांगितलं. ते म्हणाले, तिकडचे बेकार वेगळे असतात.

घड्याळासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं फुकटातलं आहे आणि मशीनपेक्षा अवघड आहे. किती वाजता झोपला ते सोडा, उठायचं ठरल्या वेळी, आणि उठल्यावर उजेडात जायचं. साडेसातला मी आयर्विन पुलापर्यंत चालत जातो, कृष्णेवरून येणारं ऊन तोंडावर घेतो, परत येतो. अंथरुणावर मोबाइल नाही, दुपारी गादीवर लोळणं नाही. या पद्धतीचा, आमच्यासारख्या आवाज येणाऱ्या आणि संशय छळणाऱ्या ५० जणांवर ऑक्सफर्डमध्ये प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये तो छापून आला, आणि त्यांच्या निद्रानाशाला चांगला उतार पडला होता. मी दोनवरून साडेबारावर आलोय. सहा महिने लागले.

मधल्या काळात भाचीनं झोप मोजणारा मनगटी पट्टा भेट दिला होता, त्याचाही अभिप्राय इथंच उरकतो. रात्री मनगटाखाली हिरवा दिवा लुकलुकतो आणि सकाळी तुम्हाला शंभरपैकी ५८ मार्क मिळतात. ज्याला आयुष्यात एकदा तरी ‘कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय’ असं वाटलंय त्यानं हा पैसे देऊन बांधून घेऊ नये. पट्टा भाचीला परत दिला, ती त्यावर पावलं मोजते.

पैसे: मशीन ४२ हजार, नाकाचा मास्क साडेपाच, फिल्टर दीडशेला एक. वर तपासणी, भाडं, दुरुस्ती. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, पण हे मशीन माझ्या पॉलिसीत ‘बाहेरचं उपकरण’ म्हणून बसलं नाही. ताईनं अर्धे घातले, अर्धे मी हप्त्यानं फेडले. मशीनला पाचपैकी चार. एक कापला तो मास्कच्या पट्ट्यांसाठी. सहा महिन्यांत सैल पडतात आणि सुट्या मिळत नाहीत.

आई आता जप सकाळी करते. पहिले काही दिवस रात्री उठून, मशीन चालू आहे ना, म्हणून नळीला हात लावून बघायची. आता तीच घोरते.

फिल्टर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. एरवी तो राखाडी झालेला असतो. फेब्रुवारी ते मे सौद्यांचे दिवस, यार्डात हळदीची धूळ उडते, आणि माझा शर्ट मशीनच्या वरच्याच खुंटीला असतो. त्या महिन्यांत फिल्टर पिवळा निघतो.